‘ऑब्जेक्ट’ : विरोध आणि हरकत यांमधील अंतर

शहापूर/मुरबाड - ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील या दोन तालुक्यांत ‘आमचा विरोध आहे’ हे वाक्य गेल्या काही दशकांत असंख्य वेळा उच्चारले गेले आहे. कधी काळू नदीवरील प्रस्तावित धरणाचे निमित्त होते, कधी समृद्धी महामार्गाचे. या वाक्याचे इंग्रजी करण्याची वेळ आली की गावातला शिकलेला तरुण किंवा नोकरीनिमित्त कल्याण-डोंबिवलीत स्थायिक झालेली पुतणी कागद पुढे ओढते आणि लिहिते, ‘वुई अपोज’. व्याकरणदृष्ट्या त्यात काहीही चूक नाही. मात्र भूसंपादनाच्या कायद्यांनी जमीनधारकाच्या हाती जे क्रियापद दिले आहे ते ‘अपोज’ नसून ‘ऑब्जेक्ट’ हे आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे, हरकत घेणे.

‘अपोज’ लिहिले म्हणून कोणाचा अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. अधिकारी मजकूर पाहतो, हे खरे. परंतु क्रियापद चुकले की पुढचा मजकूरही बहुधा त्याच वळणाने जातो. ‘विरोध’ या शब्दामागून भावना येते, ‘हरकत’ या शब्दामागून कारण यावे लागते. नोटिशीला उत्तर देताना ज्याची जमीन जाणार आहे त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा ठरतो. म्हणूनच या एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, उच्चार, वाक्यरचना आणि कायद्यातील स्थान यांची ओळख करून घेणे उपयुक्त आहे.

उच्चार एक, अर्थ दोन?

‘ऑब्जेक्ट’ हा शब्द शाळेच्या व्याकरणातून सर्वांच्या परिचयाचा असतो. तेथे त्याचा अर्थ ‘कर्म’. एरवीच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘वस्तू’. ही दोन्ही नामे आहेत आणि त्यांत आघात पहिल्या अक्षरावर येतो : ‘ऑब्’-जेक्ट. हाच शब्द क्रियापद झाला की आघात दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि पहिला स्वर आखूड होतो : अब्-‘जेक्ट’. लिहिताना दोन्ही रूपे सारखीच दिसत असल्याने मराठी माणूस दोन्हींचा उच्चार एकसारखा करतो. समोरच्याला अर्थ कळतो, तरीही बोलताना आघाताचा हा नियम पाळणे चांगले. इंग्रजीत अशा जोड्या बऱ्याच आहेत. ‘प्रोटेस्ट’ हा शब्द नाम असताना आघात पहिल्या अक्षरावर, तर क्रियापद असताना बहुधा दुसऱ्या अक्षरावर घेतो.

क्रियापदाचा गाभ्याचा अर्थ असा : एखादी गोष्ट आपल्याला मान्य नाही हे कारणासह बोलून वा लिहून दाखवणे. यात तीन घटक आहेत. समोर एखादा ठोस प्रस्ताव किंवा कृती असावी लागते. ती आपल्याला अमान्य असावी लागते. आणि ही अमान्यता ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यापर्यंत पोचवावी लागते. मनातल्या मनात ‘अपोज’ करता येते, ‘ऑब्जेक्ट’ करता येत नाही.

लॅटिनमधले फेकणे, संस्कृतमधले फेकणे

‘ऑब्जेक्ट’चे मूळ लॅटिन आहे. ‘ऑब’ म्हणजे समोर किंवा विरुद्ध आणि ‘याकेरे’ म्हणजे फेकणे. समोरच्याच्या वाटेत एखादी गोष्ट टाकणे, हा मूळ अर्थ. त्यातूनच ‘डोळ्यांसमोर येऊन पडलेली ती वस्तू’ आणि ‘बोलणाऱ्यासमोर टाकलेला तो आक्षेप’ असे दोन अर्थ निघाले. योगायोग असा की, मराठीत रूढ असलेला ‘आक्षेप’ हा संस्कृत शब्दही ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे या धातूपासून झाला आहे. दोन वेगळ्या भाषांनी एकाच कल्पनेसाठी एकच प्रतिमा निवडलेली दिसते.

‘विरोध’ या शब्दाचे मूळ वेगळे आहे. तो ‘रुध्’ म्हणजे अडवणे या धातूपासून आला. ‘हरकत’ हा शब्द अरबीतून आला असून तेथे त्याचा अर्थ चळवळ, हालचाल असा आहे. गाण्याच्या मैफलीत गवयाच्या गळ्यातून निघणाऱ्या छोट्या स्वरक्रीडेला ‘हरकत’ म्हणतात, त्यात हा मूळ अर्थ शिल्लक आहे. हिंदीत ‘हरकत’ म्हणजे वागणे, आणि तेही बहुधा आक्षेपार्ह. मराठीने मात्र हालचालीच्या या शब्दाला अडथळ्याचा अर्थ दिला आणि महसुली भाषेने तो पक्का केला. ‘तक्रार’ हाही अरबी शब्दच. त्याचा मूळ अर्थ पुनःपुन्हा बोलणे. सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही ही व्युत्पत्ती पटण्यासारखी आहे.

वाक्यात कसा वापरावा?

‘ऑब्जेक्ट’ या क्रियापदामागे ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय येते. ‘आय ऑब्जेक्ट टू द अ‍ॅक्विझिशन ऑफ माय लँड’ हे बरोबर. ‘ऑब्जेक्ट अगेन्स्ट’ किंवा ‘ऑब्जेक्ट फॉर’ हे आजच्या प्रमाण इंग्रजीत टाळावे. ‘टू’नंतर क्रियापद आणायचे झाल्यास त्याला ‘इंग’ प्रत्यय लागतो : ‘वुई ऑब्जेक्ट टू पेइंग’, ‘ऑब्जेक्ट टू पे’ नव्हे. येथला ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे, क्रियापदाच्या मूळ रूपाआधीचा नाही, हे लक्षात ठेवले की चूक होत नाही. कारण सांगायचे असेल तर ‘ऑब्जेक्ट दॅट’ अशी रचना करतात : ‘शी ऑब्जेक्टेड दॅट द मेजरमेंट वॉज राँग’, म्हणजे मोजणी चुकीची आहे अशी हरकत तिने घेतली.

‘अपोज’चे नेमके उलटे आहे. त्याला थेट कर्म लागते, ‘टू’ लागत नाही. ‘वुई अपोज द डॅम’ हे बरोबर, ‘वुई अपोज टू द डॅम’ हे चूक. मात्र ‘वुई आर अपोज्ड टू द डॅम’ हे पुन्हा बरोबर, कारण तेथे ‘अपोज्ड’ विशेषणासारखे काम करते. मराठीत ‘ला विरोध’ म्हणण्याची सवय असल्याने ‘ला’साठी ‘टू’ घालण्याचा मोह होतो आणि घोटाळा येथेच होतो.

नामरूप ‘ऑब्जेक्शन’. ते ‘रेज’ करतात, ‘लॉज’ करतात किंवा ‘फाइल’ करतात. मराठीतही हरकत ‘घेतात’, ‘नोंदवतात’ किंवा ‘दाखल करतात’. हरकत घेणाऱ्याला ‘ऑब्जेक्टर’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने 1916 साली सक्तीची लष्करभरती सुरू केली. तेव्हा सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र उचलण्यास नकार देणाऱ्यांना ‘कॉन्शिएन्शियस ऑब्जेक्टर’ हे नाव रूढ झाले. आपण हातात बंदूक का घेणार नाही, हे त्यांना न्यायाधिकरणापुढे उभे राहून सांगावे लागे. या शब्दात कारण देण्याची जबाबदारी किती खोलवर आहे, ते यावरून दिसते.

अपोज, प्रोटेस्ट, रेझिस्ट

विरोध दाखवणारी इंग्रजी क्रियापदे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. त्यांच्यात भेद आहे आणि तो शहापूर-मुरबाडच्या इतिहासातूनच स्पष्ट करता येतो.

‘अपोज’ ही भूमिका आहे. समृद्धी महामार्गाची आखणी जाहीर झाली तेव्हा शहापूर तालुक्यातील अनेक शेतकऱ्यांनी 2016-17 च्या सुमारास प्रकल्पाविरुद्ध घेतलेली भूमिका या सदरात मोडते. ‘अपोज’ला मुदत नसते, अर्जाचा नमुनाही नसतो. ती वर्षानुवर्षे टिकू शकते, बदलूही शकते.

‘प्रोटेस्ट’ हे त्या भूमिकेचे जाहीर प्रकटीकरण. मोर्चा, धरणे, घोषणा हे सारे त्यात येते. त्याचे लॅटिन मूळ मात्र ‘साक्ष देणे’ असे आहे. 1529 साली जर्मनीतील श्पायर येथील सभेत काही संस्थानिकांनी आणि नगरांनी आपली असहमती लेखी नोंदवली. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव त्यातूनच आले. हा जुना, नोंदीचा अर्थ आजही कायद्यात जिवंत आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

‘रेझिस्ट’ म्हणजे प्रतिकार करणे, प्रत्यक्ष अडवून धरणे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगड हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. 1942 च्या आंदोलनात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या ‘आझाद दस्त्या’ने वीजवाहिन्यांचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला हैराण केले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल हे वकील होते. हरकतीचा अर्ज कसा लिहायचा हे त्यांना उत्तम ठाऊक असणार. ज्या राजवटीचा अधिकारच अमान्य, तिच्याकडे हरकत कसली दाखल करायची, हा ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘रेझिस्ट’ यांमधील फरक सिद्धगडाच्या स्मृतीत कोरलेला आहे. हरकत घेणारा माणूस निर्णय घेणाऱ्याचा अधिकार मान्य करतो आणि त्या अधिकाराच्या चौकटीत आपले म्हणणे मांडतो.

कायद्यातील ‘ऑब्जेक्ट’

1894 च्या भूसंपादन कायद्यात मुळात जमीनधारकाला संपादनाविरुद्ध हरकत घेण्याची तरतूद नव्हती. 1923 साली दुरुस्ती होऊन कलम 5-अ आले आणि अधिसूचनेपासून 30 दिवसांत हरकत घेण्याचा हक्क मिळाला. 1 जानेवारी 2014 पासून अमलात आलेल्या 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याने कलम 15 अन्वये ही मुदत प्राथमिक अधिसूचनेपासून 60 दिवस केली. राष्ट्रीय महामार्गासाठी 1956 च्या कायद्याखाली जमीन घेतली जात असेल तर मुदत अवघी 21 दिवस आहे. रेल्वेच्या विशेष प्रकल्पांसाठी रेल्वे कायद्याखाली ती 30 दिवस आहे. त्यामुळे नोटीस हाती पडताच ती कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कलमाखाली आहे, हे प्रथम पाहावे लागते. शेजारच्या गावाला 60 दिवस मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, हा समज महागात पडू शकतो.

कशाला हरकत घेता येते, हेही कायद्याने सांगितले आहे. 2013 च्या कायद्यानुसार संपादित होणाऱ्या जमिनीचे क्षेत्र आणि तिची योग्यता, सार्वजनिक प्रयोजनाचे दिलेले समर्थन आणि सामाजिक परिणाम अहवालातील निष्कर्ष या मुद्द्यांवर हरकत घेता येते. हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी लागते. त्यानंतर हरकतदाराला स्वतः, प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. महामार्ग कायद्यातही हरकत लेखी असावी आणि तिची कारणे नमूद केलेली असावीत, अशी अट आहे.

येथे ‘विरोध’ आणि ‘हरकत’ यांमधील अंतर स्पष्ट होते. समजा, एखाद्या शेतकऱ्याने लिहिले, ‘ही आमची वाडवडिलांची जमीन आहे, आमचा प्रकल्पास तीव्र विरोध आहे.’ हे वाक्य खरे आहे आणि त्यामागचे दुःखही खरे आहे. पण त्यावर अधिकाऱ्याला उत्तर द्यावे असा मुद्दा त्यात नाही. तोच शेतकरी लिहितो, ‘अधिसूचनेत माझ्या गटाचे क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा कमी दाखवले आहे, विहीर आणि आंब्याची झाडे नोंदलेली नाहीत, लगत पडीक जमीन उपलब्ध असताना भातशेती घेतली जात आहे.’ आता प्रत्येक मुद्द्याची चौकशी करणे भाग पडते. यातले भातशेतीचे कारण जमिनीच्या योग्यतेवरील हरकत आहे. विहीर-झाडांचा मुद्दा पुढे मोजणी आणि मोबदल्याच्या टप्प्यावर पुन्हा उपयोगी पडतो. वाडवडिलांची जमीन जाण्याचे दुःख दोन्ही अर्जांत सारखेच असते, फक्त दुसऱ्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

फेरफाराची हरकत

हरकतीचा संबंध केवळ मोठ्या प्रकल्पांशी नाही. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या अनेकांची नावे गावच्या सातबाऱ्यावर वारसाहक्काने असतात. एखाद्या खरेदी-विक्रीची किंवा वाटणीची नोंद तलाठ्याने फेरफार नोंदवहीत घेतली की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 अन्वये हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. लेखी हरकत आल्यास नोंद वादग्रस्त ठरते, ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणीनंतर निर्णय होतो. हरकत न आल्यास नोंद प्रमाणित होऊ शकते. त्यानंतर उरतो तो अपिलाचा लांब रस्ता. नोटीस गावच्या जुन्या पत्त्यावर आणि वारस डोंबिवलीत, अशा स्थितीत 15 दिवस केव्हा सरले हे कळतही नाही.

‘अंडर प्रोटेस्ट’चे दोन शब्द

मोबदला स्वीकारण्याच्या वेळी मात्र एक शब्दप्रयोग अक्षरशः मोलाचा ठरतो. 1894 च्या कायद्यात होती तशीच तरतूद 2013 च्या कायद्याच्या कलम 77 मध्ये आहे. मोबदल्याची रक्कम अपुरी वाटत असेल तर ती ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत राखून स्वीकारता येते. जो तशी हरकत न नोंदवता रक्कम स्वीकारतो, त्याला वाढीव मोबदल्यासाठी कलम 64 खाली दाद मागता येत नाही, असे कायदा म्हणतो. ‘प्रोटेस्ट’चा येथील अर्थ मोर्चा किंवा घोषणा नव्हे. ‘मी पैसे घेत आहे, पण ही रक्कम मला मान्य नाही’ अशी ती साक्ष आहे. सही करताना पावतीवर हे शब्द लिहिले गेले की नाहीत, यावर पुढचा वाद उभा राहू शकतो.

संमतीने होणाऱ्या थेट खरेदीचे गणित वेगळे आहे. समृद्धी महामार्गासाठी बरीच जमीन थेट खरेदीने घेतली गेली. 701 किलोमीटरच्या या मार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी वाहतुकीस खुला झाला. खरेदीखतावरील सही हा करार असतो. ‘मान्य आहे’ असे लिहिलेल्या कागदावर ‘अंडर प्रोटेस्ट’ला सहसा जागा उरत नाही. म्हणून दर, क्षेत्र आणि नोंदी यांबाबतचे सारे आक्षेप सहीपूर्वीच मांडावे लागतात.

‘हरकत नाही’ म्हणताना

मराठी बोलण्यात ‘काही हरकत नाही’ हे सौजन्याचे वाक्य आहे. पाहुण्याने उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली तरी उत्तर हेच. इंग्रजी कागदावर मात्र ‘नो ऑब्जेक्शन’ हे शब्द हक्क सोडल्याचे द्योतक होऊ शकतात. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ हे त्याचेच रूप. सर्वेक्षणासाठी आलेल्या माणसाला ‘जमीन बघायला हरकत नाही’ असे म्हणणे आणि ‘जमीन देण्यास हरकत नाही’ अशा छापील मजकुराखाली अंगठा उमटवणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कशाला हरकत नाही, ते वाक्यात पूर्ण लिहिलेले असावे. कोऱ्या कागदावर सही करू नये, हा जुना सल्ला येथेही लागू पडतो.

हरकतीच्या पुढची पायरी : संमती

शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे ‘ऑब्जेक्ट’पेक्षा वेगळा आणि अधिक वजनाचा शब्द कायद्याने दिला आहे : ‘कन्सेंट’, म्हणजे संमती. 2013 च्या कायद्याच्या कलम 41 नुसार अनुसूचित क्षेत्रातील भूसंपादनासाठी ग्रामसभेची पूर्वसंमती लागते. वनजमिनीच्या बाबतीत 2006 चा वनहक्क कायदा आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे 3 ऑगस्ट 2009 चे परिपत्रक यांमुळे ग्रामसभेचे म्हणणे महत्त्वाचे झाले. हरकत असते तेव्हा ती सिद्ध करण्याचा भार हरकतदारावर पडतो. संमती लागते तेव्हा ती मिळवण्याचा भार प्रकल्प आणणाऱ्यावर पडतो.

काळू धरणाच्या प्रकरणात हे दिसून आले. मुंबई महानगर प्रदेशाला पाणी देण्यासाठी मुरबाड तालुक्यात योजलेल्या या धरणाखाली सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन जाणार होती. 2011 मध्ये वनविभागाची मंजुरी मिळण्यापूर्वीच काम सुरू झाले. बाधित गावांतील ग्रामसभांनी धरणाविरुद्ध ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटनेने जनहित याचिका दाखल केली आणि 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. ज्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांचा विरोध एरवी मोर्च्यापुरता राहिला असता, त्यांचे म्हणणे लेखी ठरावांच्या रूपाने न्यायालयापर्यंत पोचले. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या नावाने येथील माणूस प्रथम प्रश्न का विचारतो, हे त्यातून समजते.

ध्यानात ठेवण्याजोगे

इंग्रजीत लिहिताना ‘अपोज’नंतर थेट कर्म, ‘ऑब्जेक्ट’नंतर ‘टू’. नोटिशीला उत्तर देताना ‘ऑब्जेक्ट’ वापरावे आणि त्यामागे क्रमांक घालून कारणे लिहावीत. गट क्रमांक, क्षेत्र, अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक नमूद करावा. अर्ज मराठीतही देता येतो. राज्याच्या कारभाराची भाषा मराठी असल्याने इंग्रजीचे दडपण बाळगण्याचे कारण नाही. मात्र मराठीतही ‘विरोध’ एवढ्यावर न थांबता ‘पुढील कारणांसाठी हरकत घेत आहे’ असे स्पष्ट लिहावे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती पोच जपून ठेवावी. गुंतागुंतीच्या प्रकरणात वकिलाचा सल्ला मुदतीच्या आत घ्यावा.

विरोध मोर्च्यात दिसतो आणि मोर्चा संध्याकाळी पांगतो. आवक क्रमांक पडलेली हरकत फाइलमध्ये राहते, आणि उद्या प्रकरण न्यायालयात गेले तर वाचली जाते ती फाइलच.